मनात आणले म्हणजे होते का?



पाऊस लांबला की आपण आभाळाकडे टक लावून बसतो, जणू आपल्या नजरेनेच ढग फुटणार आहे. दवाखान्याच्या बाकावर बसलेली आई डोळे मिटून लेकराचा ताप उतरवू पाहते. मनात आणले की घडावे, ही ओढ आपल्या सर्वांच्या ठायी आहे. हळूहळू आपण प्रार्थनेलाही तसाच मंत्र समजू लागतो, आणि मागितलेले मिळाले नाही की म्हणतो, "माझाच विश्वास कमी पडला."

केवळ शब्दाने सृष्टी घडवणारा परमेश्वर एकच. अरण्यात सैतानाने प्रभू येशूला धोंड्यांच्या भाकरी करण्याचा मोह घातला. चाळीस दिवसांच्या उपासानंतरही प्रभूने तो नाकारला. पुढे त्याने हजारोंना जेवू घातले, ते एका मुलाची शिदोरी घेऊन आणि पित्याचे आभार मानून.

नळदुर्गचा पाणीमहाल आपण पाहिला आहे. बोरी नदी कोणाच्या हुकमाने अडली नाही. १६१३ च्या सुमारास, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, कारागिरांनी दगडावर दगड रचून ती अडवली. बांधाच्या पोटात महाल केला आणि पुराच्या पाण्याला नर-मादी धबधब्यांची वाटही ठेवली. इच्छा सुलतानाची होती, पण ती पुरी झाली पाथरवटांच्या हातांनी, आणि नदीचा मान राखून.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत दगडमातीच्या जड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. सुमारे दहा हजार जीव गेले. त्यांचा विश्वास कमी होता काय? शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी नव्हती, असे प्रभूनेच बजावले आहे. मग दुःखी माणसाला दोष देणारे आपण कोण?

त्या भूकंपाने पोरक्या झालेल्या मुलांसाठी पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी नळदुर्गजवळ 'आपलं घर' उभे केले. गेलेले आईबाप कोणाच्याही इच्छेने परतणार नव्हते. पण मुलांच्या ताटात भाकरी पडली, हाती पाटी आली.

गेथशेमनी बागेत प्रभूनेही दुःखाचा प्याला टळावा असे मागितले. मनातले लपवले नाही, आणि शेवटी पित्याची इच्छा स्वीकारली. प्याला टळला नाही, पण तो पिण्याचे बळ मिळाले.

या आठवड्यात आपण कोणासाठीही प्रार्थना करू तेव्हा एक प्रश्न जोडू या: प्रभो, यात माझ्या हातांचे काम कोणते? आणि ज्यांचे मागणे पुरे झाले नाही त्यांच्या घरी उपदेश न करता थोडा वेळ बसून येऊ या.

हे प्रभो, आमच्या इच्छा तुझ्या हाती घे आणि आमचे हात तुझ्या कामी लाव. आमेन.