बिळाची वहिवाट

नागपंचमीला नांगर धरायचा नाही, खणायचे नाही, चिरायचे-तळायचेही नाही. म्हणून त्या दिवशी पुरणाची दिंडे उकडतात. या चालीमागच्या कहाणीत शेतकऱ्याच्या फाळाखाली नागाची पिले मरतात. त्याने ती मुद्दाम मारलेली नसतात, तरी नागीण त्याच्या घरी सूड उगवायला येते. ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर कहाणीला पुरत नाही, आणि तिचे खरे मर्म मला इथेच दिसते. महाभारताच्या वनपर्वात धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला हेच ऐकवतो: लोक शेतीला चांगला धंदा म्हणतात, पण नांगर जमिनीतले कितीतरी जीव मारतो. मनुस्मृतीही याच कारणाने शेतीला दोष देते. यावरून, हिंसा टळतच नाही तर बिळांची फिकीर कशाला, असा सोयीचा निष्कर्ष निघू शकतो. पण व्याधाचे वागणे पाहा. तो मांस विकतो, मात्र स्वतः प्राणी मारत नाही आणि मांस खातही नाही. जे टळत नाही ते कबूल करायचे आणि जे टळते ते टाळायचे, अशी रेघ तो स्वतःपुरती ओढतो.

ही रेघ शेतात कुठे पडते? पेरणीच्या रानात बीळ राखता येत नाही, बांधावर येते. तिथे उंदीर आणि घूस खणतात, आणि स्वतः बीळ न खणणारे नाग, धामण त्यांच्याच बिळांत किंवा वारुळांत राहतात. सातबाऱ्यावर यांपैकी कोणाचे नाव नाही, पण वहिवाट आहे. यावर शेतकरी रागावेल, आणि त्याचा राग खरा आहे. सर्पदंशाने भारतात वर्षाला सरासरी 58,000 माणसे दगावतात, असा 2000 ते 2019 या काळाचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली. म्हणून शेतकऱ्याच्या पायात बूट, रात्री हातात बॅटरी आणि जवळच्या दवाखान्यात प्रतिविष नसेल, तर शहरातून भूतदया शिकवणे निर्लज्जपणाचे आहे. उंदरांना धान्य खाऊ द्या, असेही कोणी म्हणत नाही. पण बिळाबिळात विष टाकले, तर तो उंदीर खाणारे घुबडही दगावू शकते, आणि धामण मारली तर उंदरांचेच फावते. नाग बिळातून ओढून मिरवणे आणि त्याला दूध पाजणे यालाही मी पूजा म्हणणार नाही. साप दूध पिऊन जगत नाही.

वीतभर जमिनीसाठी दोन्ही बाजूंनी बांध कोरण्याची खोड मात्र पोटासाठी केलेली हिंसा नव्हे. तेवढा बांध तरी नांगराने सोडावा, नागपंचमीनंतरही.