शिमोनाच्या हातांतील बालक

नाताळचा सण जवळ आला कीं आपल्या मंडळ्यांत मेंढपाळांची व मागी लोकांची कथा सांगितली जाते. ती गोड आहेच. परंतु लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायांत, गव्हाणीपासून थोडें पुढें, दोन वृद्ध माणसें उभीं आहेत. त्यांच्याकडे आज पाहूं.

प्रभूच्या जन्मापूर्वीं सुमारें ७०० वर्षें मीखा संदेष्ट्यानें बेथलेहेमाचें नांव घेऊन सांगितलें होतें कीं, इस्राएलाचा अधिपति तेथून निघेल. मध्यंतरीं बाबेलचा बंदिवास झाला, मंदिर मोडलें, पुनः उभें राहिलें, परके राजे आले व गेले. शेवटीं औगुस्त कैसरानें नांवनिशीची आज्ञा काढली, आणि नासरेथचा सुतार मरीयेसह नेमका त्याच गांवीं पोंहचला. कैसरास मीखाचें नांवही ठाऊक नसेल!

पुढें ते बालकास मंदिरांत घेऊन आले. नियमशास्त्राप्रमाणें मातेनें कोंकरूं अर्पावें, व ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याचीं दोन पिलें आणावीं. मरीयेनें गरिबाचें अर्पण आणिलें. कोंकरासाठीं कर्ज काढलें नाहीं. नाताळच्या कपड्यांसाठीं सावकाराच्या दारीं जाणाऱ्यांनीं हें लक्षांत घ्यावें, इतकेंच येथें म्हणतों.

प्रभूचा अभिषिक्त पाहिल्यावांचून तूं मरणार नाहींस, असें पवित्र आत्म्यानें शिमोनास कळविलें होतें. त्यानें काय पाहिलें? एक तान्हें मूल. रोमची सत्ता हालली नव्हती, करांचा भार उतरला नव्हता. तरी त्यानें तें मूल हातांत घेऊन देवाचें स्तवन केलें, व आतां शांतीनें जाण्यास तो सिद्ध झाला. आणि त्याच तोंडानें त्यानें आईस सांगितलें कीं, तिच्या जिवांतून तरवार जाईल. हा आनंद खोटी समजूत घालणारा नव्हे.

आमच्या पुष्कळ वाचकांचा प्रश्न आम्ही जाणतों. बाप्तिस्मा घेऊन इतकीं वर्षें झालीं. भाऊबंद तुटले, शेत गहाणच आहे, प्रार्थना करूनही लेंकरूं वाचलें नाहीं. मग वचन पुरें झालें म्हणजे काय झालें? ह्यावर 'तुमचा विश्वास कमी पडला' असें म्हणणारा उपदेशक निष्ठुर होय, असें आम्हांस वाटतें. शिमोनाचा विश्वास का कमी होता? देवानें सर्व कांहीं एका दिवशीं दिलें नाहीं; त्यानें आपला पुत्र दिला, आणि तो तान्हा दिला. जोंधळ्याचा कोंब वर आला म्हणून शेतकरी मळणी झाली असें म्हणत नाहीं; पण बीं वायां गेलें असेंही म्हणत नाहीं. तो राखणीस बसतो.

हन्ना तर सात वर्षें संसार करून विधवा झालेली, फार वृद्ध. तिचा पति तिला परत मिळाला नाहीं. तरी त्याच घटकेस येऊन तिनें देवाचे आभार मानिले, आणि यरुशलेमेच्या सुटकेची वाट पाहणाऱ्या सर्वांस ती त्या बालकाविषयीं सांगूं लागली.

ज्या घरीं यंदा दुःखामुळें सण नाहीं, त्या घरीं उपदेशकांनीं अगोदर जावें, आणि २२ पासून ३८ पर्यंतच्या ओव्या तेथें बसून सावकाश वाचाव्या.