नाव खोडलं म्हणून माणूस लपत नाही

नाव, पत्ता, फोन नंबर काढून टाकला की माहिती कोणाची आहे हे कळत नाही, ही समजूत फार काळ टिकली. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याच्या नोंदी नव्वदच्या दशकात याच भरवशावर संशोधकांना दिल्या गेल्या. लतान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनी होत्या. त्यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली आणि विम्याच्या नोंदींशी ताडून पाहिली. राज्यपाल विल्यम वेल्ड याच शहरात राहत. त्यांची जन्मतारीख असलेले मतदार सहा, त्यांत पुरुष तीन आणि त्यांच्या झिपकोडमध्ये राहणारा एकच. राज्यपालांच्या आजारपणाची नोंद हाती आली. घुसखोरी कुठेच झाली नव्हती. दोन्ही याद्या राजरोस मिळालेल्या होत्या.

स्वीनी यांचं मोठेपण मला त्यापुढच्या कामात दिसतं. दोष दाखवून त्या थांबल्या नाहीत. पिएरांजेला सामाराती यांच्यासोबत त्यांनी १९९८ मध्ये ‘के-ॲनॉनिमिटी’ मांडली. ओळख पटवणाऱ्या रकान्यांपुरत्या निदान ‘के’ जणांच्या नोंदी एकसारख्या दिसल्या पाहिजेत, असा त्यांचा गट पडला पाहिजे. त्यासाठी जन्मतारखेऐवजी नुसतं वर्ष द्या, झिपकोडचे शेवटचे आकडे गाळा. गोपनीयता मोजता येते, हा विचार यातून रुजला.

पण ‘के’ पाच धरला आणि एखाद्या गटातल्या पाचही जणांना कर्करोग असेल तर? त्यांतला आपला शेजारी कोणता हे न कळताही त्याचा आजार कळतो. २००६ मध्ये कॉर्नेलच्या संशोधकांनी ही त्रुटी दाखवून नवी व्याख्या दिली, पाठोपाठ तिच्यातही उणीव निघाली. त्याच वर्षी नेटफ्लिक्सने सुमारे पाच लाख ग्राहकांनी चित्रपटांना दिलेले गुण नावं काढून खुले केले. टेक्सासमध्ये पीएचडी करणारे अरविंद नारायणन आणि त्यांचे मार्गदर्शक विताली श्मातिकोव्ह यांनी दाखवून दिलं, की एखाद्याने पाहिलेले मोजके चित्रपट आणि अंदाजे तारखा ठाऊक असल्या तरी त्याची नोंद हुडकता येते. ओळख पटवणारा रकाना कोणता, हे आधी ठरवताच येत नाही! शोधणाऱ्याला काय ठाऊक असेल याचा अंदाज बांधायचा आणि तो चुकायचा, हेच दरवेळी घडत होतं.

सिंथिया ड्वर्क, फ्रँक मॅकशेरी, कोबी निसिम आणि ॲडम स्मिथ यांनी २००६ मध्ये हा अंदाज बांधणंच सोडून दिलं. समोरच्याला काहीही ठाऊक असो. तुमची नोंद असली काय, नसली काय, निघणाऱ्या उत्तरात जवळपास फरक पडता कामा नये. हीच ‘डिफरन्शियल प्रायव्हसी’. तिचं बीज स्टॅन्ली वॉर्नर यांच्या १९६५ च्या सर्वेक्षण-पद्धतीत सापडतं. वॉर्नर यांच्या पद्धतीचा एक सोपा प्रकार असा. प्रश्न अवघड आहे, समजा, ‘कर चुकवलात का?’ उत्तर देणाऱ्याने गुपचूप नाणं उडवायचं. छापा पडला तर खरं सांगायचं. काटा पडला तर पुन्हा उडवायचं आणि छाप्याला ‘हो’, काट्याला ‘नाही’ म्हणायचं. शंभरात चाळीस ‘हो’ आले, तर सुमारे पंचवीस नाण्याचे. उरलेले पंधरा हे खरं बोललेल्या पन्नासांतले, म्हणजे कर चुकवणारे तीस टक्के. समाजाचं चित्र मिळालं, आणि ‘हो’ म्हणणाऱ्या कोणाकडेही बोट दाखवता येत नाही.

अर्थात आकड्यांत अशी मुद्दाम भेसळ केली की अचूकपणा घटतो. अमेरिकेने २०२० च्या जनगणनेत डिफरन्शियल प्रायव्हसी वापरली, तेव्हा लहान वस्त्यांचे आकडे बिघडतात अशी तक्रार अनेक अभ्यासकांनी केली. ती रास्त आहे. भेसळ किती करायची, हे एकट्या गणितज्ञांनी ठरवू नये. ज्यांची माहिती आहे त्यांचाही त्यात शब्द हवा.

आपल्याकडे मतदारयाद्या खुल्या असतात. नाव, वय, लिंग आणि घर क्रमांक त्यांत छापलेला असतो. म्हणून आरोग्य-पाहणी किंवा शाळेची आकडेवारी प्रसिद्ध करणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे: नावं काढल्यावर लगेच फाइल खुली करू नका. उरलेले रकाने आधी या यादीशी ताडून पाहा.