मनोधैर्य मुलांकडूनच मागावे काय?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि वस्त्यावस्त्यांतील चौदा-पंधरा वर्षांची मुलेमुली एकाएकी दहा बाय दहाच्या खोलीत कोंडली गेली. शाळा बंद, मैदान बंद, विहारातील रविवारची वंदनाही बंद. त्या वर्षी दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला. २०२१ मध्ये तर दहावी-बारावीच्या परीक्षाच झाल्या नाहीत. अभ्यास मोबाईलवर आला, पण मोबाईल घरात एकच, तोही बापाच्या खिशात. कुणाच्या घरातून माणूस दवाखान्यात गेला तो परत आलाच नाही. शेवटचे तोंडही पाहता आले नाही.

अशा मुलांना वडीलधारी माणसे म्हणत, “घट्ट हो. रडू नकोस. आता तूच आईला आधार.” जो रडला नाही त्याचे कौतुक झाले. परंतु न रडणे म्हणजे धैर्य काय?

युनिसेफने २०२१ च्या आरंभी २१ देशांत पाहणी केली. मनाला त्रास झाल्यास दुसऱ्याचा आधार घेणे चांगले, असे भारतातील १५ ते २४ वयाच्या शंभरांपैकी अवघ्या ४१ जणांनी सांगितले. २१ देशांची सरासरी ८३ होती. आपली मुले अधिक कणखर आहेत असा याचा अर्थ नव्हे. त्यांना गप्प राहायला शिकविले गेले आहे.

कोणी म्हणेल, तथागतांनीच अनित्यता शिकविली. तीच मुलांना सांगावी. किसा गोतमीची कथा आपणांस ठाऊक आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन आलेल्या त्या बाईला तथागतांनी प्रवचन दिले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही तेथून मोहरी आण, एवढेच सांगितले. ती दारोदार गेली आणि दारादारांत लोकांनी तिला आपापल्या गेलेल्या माणसांविषयी सांगितले. तिला जे उमगले ते त्या बोलण्यातून उमगले. टाळेबंदीत नेमकी ही दारेच बंद होती. रोग पसरू नये म्हणून ती बंद करणे भाग होते, हे मान्य. पण दारे उघडल्यावर तरी काय झाले? मुलाला बुडालेल्या अभ्यासाला जुंपले, तसबिरीला हार घातला, विषय संपला.

आणि ‘नशिबात होते’ हे तर बौद्धाच्या तोंडी शोभतच नाही. दुःखाला कारण असते असे मानणाऱ्याने ते कारण पोराच्या कच्च्या मनात शोधू नये. ज्याचा बाप गेला, फी थकली, शाळा सुटली, त्याला मन खंबीर कर म्हणणे म्हणजे भुकेल्याला पोट आवळ म्हणणे होय.

ती मुले आता विशीला टेकली आहेत. कोणी कंत्राटी कामावर आहे, कोणी भरतीची तयारी करतो. वंदनेला येतात, मागे बसतात. त्यांच्या वडिलांविषयी त्यांच्याशी कोणी बोलले आहे काय? ज्यांना परक्यापाशी बोलणे सोपे वाटते त्यांच्यासाठी २०२२ पासून १४४१६ हा सरकारी फोन दिवसरात्र मोफत चालतो. विहाराच्या फलकावर तो खडूने लिहायला एक मिनिट लागते.