सगळीकडे सात

वही मिटू नका. खिडकीबाहेर काय बघता, इकडे बघा. टोल्याटोल्यांवरचे हातपंप, शाळेची टाकी, नदीचा घाट, आणि प्रत्येकासमोर पीएच ७.०. एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिलेलं. बाटल्यांची सीलंसुद्धा तुटलेली नाहीत. हे पाणी तुम्ही बघितलेलं नाही, पोट्ट्यांनो. तरीही खाली सही केलीत.

"सर, पाणी तर नितळ दिसतं." कोण म्हणालं हे? उभा राहा. नितळ पाण्यात काय नसतं ते सांग मला. जंतू डोळ्यांना दिसत असते, तर ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेत मांजा, मौर्य आणि राव या शास्त्रज्ञांनी १९८२ साली ती साधी चाचणी कशाला बसवली असती? चाचणीच्या रसायनाच्या बाटलीत पाणी भरायचं, उबदार जागी ठेवायचं, एकदोन दिवसांत काळं पडलं तर त्यात विष्ठेतली घाण मिसळल्याचा संशय धरायचा. आपल्याच राज्यात तयार झालेली ही चाचणी कितीतरी देशांत गेली. तुमच्या हातात ती आयती आली, आणि तुम्ही ती खोक्यात ठेवून दिलीत.

दुसरा म्हणतो, आम्ही नदीत रोज डुंबतो, कुठे काय होतं? डुंबायचं पाणी आणि प्यायचं पाणी एक नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषात समुद्रात पोहण्यासाठी १०० मिलिलीटरमागे १०० मलजंतू चालतात, नदीत अंघोळीसाठी ५०० इष्ट आणि २५०० ही शेवटची हद्द. पिण्याच्या पाण्यात एकही ई-कोलाय चालत नाही. तुझी धाकटी बहीण ज्या हातपंपाचं पाणी पिते, त्याच्यासमोर तू न तपासता 'योग्य' लिहिलंस.

आता त्या सातकडे येऊ, कारण मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आहे. मलाजखंडची तांब्याची खाण आपल्याजवळ आहे. तिथला धातू गंधकाशी जोडलेल्या खनिजात असतो. असा दगड फोडला, त्याला हवा आणि पाऊस लागला, की आम्ल तयार होऊ शकतं, आणि आम्ल दगडातले धातू विरघळवून पाण्याबरोबर पुढे नेतं. हे मी तुम्हाला फळ्यावर समीकरणासकट शिकवलंय. तुमच्या किटमध्ये तांबं मोजायची सोय नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात तांबं लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत मान्य आहे. दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५. पण कुठला नमुना आधी प्रयोगशाळेला पाठवायचा, हे गावात कशावरून ठरणार? पीएच खाली घसरतोय का, यावरून. आपल्या पाण्यात आम्ल आहे असं मी म्हणत नाही. आहे की नाही, हे बघायलाच तुम्हाला पाठवलं होतं. उद्या एखाद्या हातपंपाचा पीएच ६ वर आला, तर तो आधी किती होता हे कोणाला विचारायचं? तुमच्या सातला?

वही कोरी आणली असती तर मी एवढा बोललो नसतो. कोरी जागा दिसली की कोणीतरी विचारतं, इथलं पाणी कोणी तपासलं का? खोटा आकडा दिसला की विचारणारा गप्प बसतो.

आणि सरकार काही करत नाही हे रडगाणं माझ्यासमोर नको. १९७४ पासून जल प्रदूषणाचा कायदा आहे, जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना किट वापरायला शिकवायचं ठरलेलं आहे. कामचुकार अधिकाऱ्याला मी इतक्याच कडक शब्दांत बोललो असतो. पण तुम्ही आज जे केलंत, तेच तो करतो. मग त्याला जाब कुठल्या तोंडाने विचाराल?

ही पानं आडवी रेघ मारून रद्द करा. फाडायची नाहीत, रद्द झालेली दिसली पाहिजेत. उद्या सकाळी पुन्हा निघायचं. आधी पंप नीट हापसून साचलेलं पाणी जाऊ द्या, बाटलीच्या तोंडाला आतून बोट लावू नका, आणि जागा, तारीख, वेळ तिथेच उभं राहून लिहा. पट्टीचा रंग दोन आकड्यांच्या मधे वाटला, तर तसंच लिहा. आकडा वाईट आला तर तो दाबायचा नाही, त्याच दिवशी मला सांगायचं. पंचायतीत तुमच्याबरोबर मी येईन.