थंडावलेला मासा आणि जाळ्याचा धर्म

वर्धा जिल्ह्यातील बोर जलाशयावर बर्फ कधीच धरत नाही. तरीही पौषातील गारठा त्या पाण्यातील माशाची अवस्था इतकी पालटून टाकतो की, मासेमारी आणि अहिंसा यांच्यासंबंधीचा जुना प्रश्न तेथे वेगळ्या रीतीने मांडावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत या भागात रात्रीचा पारा पुष्कळदा 10 ते 12 अंशांपर्यंत उतरतो. जलाशयाचा वरचा थर थंड होऊन जड होतो व खाली बसतो, आणि उन्हाळ्यात तळाशी व पृष्ठभागाशी निरनिराळे असलेले पाणी हळूहळू एकसारखे गार होते. मासा हा शीतरक्ताचा, म्हणजे ज्याच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याबरोबर चढते-उतरते असा प्राणी असल्यामुळे, 25 ते 30 अंशांच्या पाण्यात झपाट्याने वाढणारे रोहू आणि कतला या दिवसांत मंदावतात, खाणे कमी करतात आणि खोल पाण्याचा आसरा घेतात. हवेतूनही श्वास घेणारी मरळ एरवीपेक्षा कमी वेळा वर येते. याचा परिणाम धंद्यावर दोन परस्परविरुद्ध प्रकारांनी होतो. रात्रभर लावून ठेवलेले जाळे मासा स्वतः फिरत येऊन त्यात अडकेल या भरवशावर असते, त्यामुळे ते सकाळी हलके निघते. पण मासे जमून बसण्याचा डोह ज्या ढिवराला, म्हणजे मासेमाराला, ठाऊक आहे, त्याला डोंग्यावरून जाळे फेकून सुस्त झालेला मासा उचलणे सोपे जाते.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने मानलेल्या चोवीस गुरूंमध्ये मासाही आहे. आमिषाच्या लोभाने गळाला लागून तो प्राण गमावतो आणि रसनेवर, म्हणजे चवीच्या इंद्रियावर, ताबा नसण्याचे फळ दाखवून देतो. एकनाथांनी 1573 मध्ये काशीत पूर्ण केलेल्या या स्कंधावरील टीकेमुळे ही कल्पना मराठी श्रोत्यांच्या चांगल्या ओळखीची झाली. साधकाला उद्देशून ती सार्थच आहे. परंतु मासेमारीच्या अंगाने पाहिले तर तिच्यात एक सोयीची सूचना दडलेली दिसते, ती ही की मासा मेला तो स्वतःच्या हावरेपणामुळे, आणि गळ टाकणारा केवळ निमित्त ठरला. पौषातला रोहू ही सोय हिरावून घेतो. त्याला आमिषाची फारशी ओढ उरलेली नसते, तो पाठलाग करीत नाही आणि नीट पळतही नाही. दोषाचा कोणताही वाटा त्याच्या माथी मारता येत नसल्यामुळे विचार करायला उरते ती फक्त माणसाची कृती.

उत्तर युरोप व अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांवर बर्फाला भोक पाडून पर्च नावाचा मासा गळाने धरतात, त्याची गोष्ट निराळी आहे. पाणी 4 अंशांना सर्वांत जड असल्यामुळे तळे वरून गोठते आणि खाली मासा जगतो. पर्च थंडीतही खात राहतो व डोळ्यांनी शिकार शोधत असल्याने उजेडात गळाला लागतो. अवधूताचा दृष्टान्त तेथे अजून चालेल. मात्र बर्फावर हिमाचा जाड थर बसून उजेड अडला की पाणवनस्पतींकडून प्राणवायू मिळेनासा होतो, आणि उरल्यासुरल्या प्राणवायूच्या जागी मासे गोळा होतात. त्या गर्दीला हाव म्हणता येणार नाही.

वध्य प्राण्याच्या अवस्थेवरून दोष ठरतो का, या प्रश्नाला महाभारताच्या आदिपर्वात एक उत्तर आहे. मृगरूपातील किंदम ऋषी पंडूच्या बाणाने कोसळतो. राजाने शिकार करणे ही रीतच आहे हे तो मान्य करतो, त्याचा आक्षेप असतो तो मैथुनात रमलेल्या प्राण्याला मारण्यावर. पावसाळ्यात, म्हणजे माशांच्या विणीच्या काळात, मासेमारीला बंदी असते. तिचा हेतू उत्पादन टिकवण्याचा असला तरी तिच्यात किंदमाचा युक्तिवाद आपोआप पाळला जातो. हिवाळ्यातल्या माशाला असे संरक्षण नाही; जुना एक नियम मात्र त्याच्या जवळ जातो. अशोकाने राज्याभिषेकानंतर 26 वर्षांनी कोरवलेल्या पाचव्या स्तंभलेखात तिन्ही चातुर्मासी पौर्णिमा, तिष्य नक्षत्राची म्हणजे पौषातली पौर्णिमा आणि उपोसथाचे, म्हणजे उपवासाचे, दिवस यांत मासा मारण्यास व विकण्यासही मनाई आहे. पाण्याच्या गारठ्याचा त्यात विचार होता असे समजण्याचे कारण नाही, तो पर्वकाळाचा नियम होता. तरी विकणाऱ्यालाही त्यात गोवले आहे, हे महत्त्वाचे.

याच जिल्ह्यात 1936 मध्ये शेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आलेल्या गांधीजींनी आत्मचरित्रात कबूल केले आहे की खाणेपिणे, हिंडणेफिरणे यांत हिंसा अटळ असते, आणि अहिंसेची परीक्षा ती शक्य तितकी टाळण्याच्या धडपडीत आणि करुणेत होते. सेवाग्रामलाच 1947 मध्ये देह ठेवणारे धर्मानंद कोसंबी ज्या बौद्ध परंपरेचे पंडित होते, तिच्यात भिक्षूसाठी मुद्दाम मारल्याचे पाहिलेले, ऐकलेले वा संशयास्पद नसेल तेच मांस त्याला चालते. मागणी असते म्हणूनच जाळे पडते, हे लक्षात घेतले की वर्ध्याच्या बाजारात मासा विकत घेणाऱ्याला या नियमाआड लपणे कठीण जाते. अहिंसेचा सगळा हिशेब ढिवराकडूनच मागण्याची सवय म्हणून अन्यायाची आहे.

अनुशासनपर्वातील च्यवनाची कथा हा हिशेब अधिक नीट मांडते. गंगा-यमुनेच्या संगमात पाण्याखाली बारा वर्षे निश्चल राहिलेला हा ऋषी कोळ्यांच्या जाळ्यात माशांबरोबर वर येतो, तेव्हा त्याच्या अंगावर शेवाळ चढलेले असते. तडफडणारे मासे पाहून, इतकी वर्षे ज्यांच्यासह राहिलो त्यांना सोडणार नाही, त्यांच्याबरोबर मरेन किंवा विकला जाईन, असे तो सांगतो. पण धावत आलेल्या नहुष राजाला तो कोळ्यांना शिक्षा करायला सांगत नाही. हे लोक फार दमले आहेत, मासे हीच त्यांची उपजीविका आहे, तेव्हा माझे मोल माशांच्या मोलासकट त्यांना द्यावे, अशी त्याची मागणी असते. नहुष हजार नाण्यांपासून सगळ्या राज्यापर्यंत चढत जातो आणि अखेर एका गाईवर सौदा ठरतो. ती गाय कोळी च्यवनालाच अर्पण करतात, आणि त्याच्या वचनाने ते माशांसह स्वर्गाला जातात.