मुदतबाह्य ऋण

व्यापारी कायद्याच्या पहिल्या वर्गांत ज्या गोष्टी शिकवाव्या लागतात त्यांत मुदतीच्या कायद्याइतकी लवकर पाठ होणारी व इतकी उशिरां समजणारी दुसरी गोष्ट नसेल. उसने दिलेले पैसे परत मागावयाचे तर सामान्यतः दिल्या दिवसापासून तीन वर्षांच्या आंत दावा लावला पाहिजे, नाहीं तर तो चालत नाहीं, एवढें सांगितलें कीं विद्यार्थ्याला विषय संपला असें वाटतें. या वर्गांना आम्हीं बरींच वर्षें शिकविलें आहे. ‘मग तीन वर्षांनंतर त्या कर्जाचें काय होतें?’ असा प्रश्न घातला कीं वर्गांतून बहुधा एकच उत्तर येतें, ‘बुडतें’. क्वचित् एखादा म्हणतो, ‘संपतें’. हीं दोन्ही उत्तरें कायद्याच्या दृष्टीनेंच चूक आहेत. नीतीची गोष्ट तर पुढेंच राहिली. सुशिक्षित घरांतूनही हीच समजूत रूढ असल्यामुळें तिचा येथें थोडा विचार करावा असें मनांत आलें.

१९६३ च्या मुदतीच्या कायद्याचें तिसरें कलम असें सांगतें कीं, मुदत टळल्यावर आणलेला दावा न्यायालयानें काढून टाकावा, प्रतिवादीनें तसा बचाव घेतला नसला तरीही. येथें कायदा दाव्याविषयीं बोलतो, ऋणाविषयीं नव्हे. (मिळकतीच्या ताब्याची गोष्ट निराळी, तेथें दाव्याची मुदत संपली कीं सत्ताविसाव्या कलमानें मूळ हक्कच नाहींसा होतो.) पैशाच्या कर्जांत हक्क राहतो, तो बजावून घेण्याचा मार्ग तेवढा बंद होतो. पुरावा हवा असेल तर १८७२ चा कराराचा कायदा उघडावा. एकाच ऋणकोकडे अनेक देणीं असून त्यानें कोणत्या देण्यापोटीं रक्कम दिली हें सांगितलें नाहीं, आणि परिस्थितीवरूनही तें कळत नाहीं, तर साठाव्या कलमाप्रमाणें धनकोला ती रक्कम मुदतबाह्य देण्याच्या खातींही जमा करतां येते. जें कर्ज खरोखर मेलें असतें त्याच्या खातीं अशी जमा कशी झाली असती?

मुदत घालण्याचीं कारणें उथळ नाहींत. पावत्या हरवतात, साक्षीदार मरतात, जे जिवंत राहतात त्यांना नीट आठवत नाहीं. ज्यानें पैसे खरोखर फेडले त्यानें पंचवीस वर्षांपूर्वींची पावती जपून ठेवावी अशी अपेक्षा धरणें अन्यायाचें होईल. शिवाय एखादा धनको साक्षीदार मरण्याची वाट पाहत बसेल आणि मग खोटी वही घेऊन उभा राहील, हेंही भय आहेच. म्हणून कायदा एका ठराविक दिवशीं दार लावून घेतो. परंतु हीं सर्व कारणें एकाच गोष्टीवर उभीं आहेत. इतक्या काळानंतर खरें काय घडलें तें न्यायाधीशास कळण्याचा भरंवसा उरत नाहीं, ही ती गोष्ट. न्यायाधीशास कळत नाहीं हें खरें. पण ज्यानें पैसे घेतले त्याला तर कळतें ना? त्याच्यापाशीं साक्षीदाराची उणीव नाहीं, तो स्वतःच साक्षीदार आहे. दुसऱ्याच्या अज्ञानामुळें मिळालेली सवलत त्यानें आपल्या ज्ञानावर पांघरूण घालण्यासाठीं वापरावी, हें आम्हांला फसवणुकीच्या फार जवळचें वाटतें. त्याला शिक्षा नाहीं एवढाच फरक.

कोणी म्हणेल, कायद्यालाच जर हें ऋण जिवंत वाटतें तर प्रामाणिक ऋणकोसाठीं त्यानें कांहीं वाट ठेवली आहे काय? न्यायालयांत ठेवलेली नाहीं. तेथें ऋणकोनें मुदतीचा बचाव न घेण्याचा मोठेपणा दाखविला तरी न्यायाधीशानें दावा काढून टाकलाच पाहिजे. वाट आहे ती न्यायालयाबाहेर, कराराच्या कायद्याच्या पंचविसाव्या कलमांत. मोबदल्याशिवाय करार नाहीं, हा त्या कायद्याचा पहिल्या धड्यांपैकीं एक. मी तुला घोडा देईन तो तूं किंमत देशील म्हणून. नुसतें ‘देईन’ म्हटल्यानें न्यायालय कोणाला बांधीत नाहीं. या नियमास जे थोडे अपवाद आहेत त्यांतला एक असा कीं, मुदतबाह्य कर्ज सर्व किंवा अंशतः फेडण्याचें वचन लेखी देऊन त्यावर ऋणकोनें सही केली, तर तें नव्या मोबदल्यावांचूनही बंधनकारक होतें.

इंग्लंडांत या मोबदल्याच्या प्रश्नावर मोठा वाद होऊन गेला आहे. नैतिक बंधन हाच वचनाला पुरेसा मोबदला होय, असें अठराव्या शतकांत लॉर्ड मॅन्सफील्ड यांचें मत होतें. तें १८४० सालीं ईस्टवुड विरुद्ध केन्यन या खटल्यांत अमान्य झालें. ईस्टवुड हा एका पोरक्या मुलीचा पालक. तिच्या शिक्षणासाठीं व तिच्या मिळकतीच्या सुधारणेसाठीं त्यानें स्वतः कर्ज काढलें. मुलगी वयांत आल्यावर तिनें, व पुढें लग्न झाल्यावर तिच्या नवऱ्यानें, तें फेडण्याचें वचन दिलें. नवऱ्यानें तें पाळलें नाहीं, आणि नीतीनें देणें असलें तरी तेवढ्यानें वचनाला मोबदला मिळत नाहीं असा निकाल झाला. निकालाचें कारण समजण्यासारखें आहे. प्रत्येक नैतिक कर्तव्य जर मोबदला ठरलें तर मोबदल्याची अट राहिली कोठें? तरीही, दावा जिंकून तो नवरा त्या दिवशीं घरीं सुखानें जेवला कसा असेल, हा प्रश्न तो खटला वाचतांना आमच्या मनांतून जात नाहीं.

यावरून आम्ही सरसकट सावकारांची वकिली करतों असा ग्रह कोणी करून घेऊं नये. महाराष्ट्रानें या कायद्याची दुसरी बाजूही भोगलेली आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या कर्जरोख्यांस तीन वर्षांची मुदत घातली, ती व्याज सांचत जाऊं नये म्हणून, म्हणजे कुळाच्याच हिताकरितां. सावकारांनीं दर तीन वर्षांनीं नवा रोखा लिहून घेण्याचा प्रघात पाडला. मागील मुद्दल व मागील व्याज मिळून नवें मुद्दल, आणि त्यावर पुन्हां व्याज! ज्याला वाचतां येत नाहीं त्यानें अंगठा उठवावयाचा. कागदोपत्रीं हें सर्व राजीखुशीचें. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें लोकांनीं सावकारांचे रोखे व वह्या हिसकून घेऊन जाळल्या, त्याच्या मुळाशीं असलेल्या कारणांपैकीं हें एक मोठें कारण होतें. आणि पुढें १८७९ च्या दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कायद्यानें रोख्याच्या पाठीमागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांस दिला. अशा कर्जांत विवेकानें काय फेडावयास सांगावें? जें खरोखर हातांत पडलें तें मुद्दल, आणि वाजवी व्याज. दामदुप्पटीच्या जुन्या नियमाप्रमाणें व्याज एका वेळीं मुद्दलाहून अधिक मागतां येत नसे. ती मर्यादा विवेकाला आजही पुरेशी आहे. फसवून चढविलेला आंकडा मुदतीनें बुडाला तर त्यासाठीं कोणी हळहळूं नये.

वडिलांच्या कर्जाचा प्रश्न याहून नाजूक. धर्मशास्त्रानें पुत्रावर हें ओझें घातलें, पण डोळे मिटून घातलें नाहीं. दारू, जुगार व विषयलंपटपणा यांपायीं बापानें केलेलें कर्ज पुत्रानें देऊं नये असें याज्ञवल्क्य सांगतो. मुंबई इलाख्यांत बापाची मिळकत हातीं आली नसली तरी मुलगा जबाबदार धरला जाई. १८६६ च्या कायद्यानें ती जबाबदारी मिळकतीपुरती ठेवली. २००५ च्या हिंदु उत्तराधिकाराच्या दुरुस्तीनें तर, त्यानंतर केलेल्या कर्जासाठीं केवळ पुत्रधर्माच्या आधारें पुत्रपौत्रांवर दावा चालविण्याची सोयच राहिली नाहीं. आमच्या वयाच्या मंडळींत यावर ‘धर्म बुडाला’ अशी हळहळ ऐकूं येते. ती आम्हांला पटत नाहीं. बेलीफ दारांत उभा राहिल्यावर जें पितृऋण फिटलें त्यांत पुत्रधर्म किती व धाक किती, हें कोणी सांगावें?

आतां एक साधा प्रसंग कल्पूं या. १९८८ सालीं एका विद्यार्थ्याला महाविद्यालयाची फी भरण्यासाठीं वडिलांच्या एका स्नेह्यांनीं पांच हजार रुपये दिले. कागद नाहीं, व्याज नाहीं, ‘नोकरी लागली कीं दे’ एवढेंच बोलणें. नोकरी लागली, लग्न झालें, घराचे हप्ते सुरू झाले. स्नेही सभ्य, त्यांनीं कधीं मागितले नाहींत, आणि ते वारले. त्यांच्या पत्नी तेवढ्या मागें आहेत, आणि त्यांना या व्यवहाराची माहितीही नाहीं. हा गृहस्थ आतां निवृत्तीला आला आहे. वकील चांगला असेल तर तो त्याला ‘देणें नाहीं’ असें सांगणार नाहीं, ‘दावा होणार नाहीं’ एवढेंच सांगेल. ‘काकूंना आतां जुन्या गोष्टी कशाला काढून द्यावयाच्या?’ असें तो स्वतःशीं म्हणतो, आणि काकूंच्या घरावरून जाण्याचें टाळतो.

त्यानें पांच हजारच द्यावेत कीं अधिक? कायदा रुपयास रुपया मोजतो. पण ज्या पैशांत तेव्हां फी भागली त्यांत आज त्याच महाविद्यालयाची फी भागणार नाहीं. ज्या कामाला ते पैसे पडले तेंच काम आज करावयास काय लागेल, हें त्यानें मनाशीं धरावें असें आम्हांला वाटतें. एकदम देतां येत नसेल तर लिहून द्यावें, आणि लिहितांना ‘मी आपलें देणें लागतों’ एवढ्यावर थांबूं नये. मुदत संपण्यापूर्वीं तेवढ्या लेखी कबुलीनेंही नवी मुदत सुरू झाली असती. मुदत टळल्यावर मात्र ‘फेडीन’ असें स्पष्ट वचन लागतें. रक्कम, तारीख व सही, बस्स.

काकू तो कागद वाचून फाडून टाकतील असाही संभव आहे. कराराच्या कायद्याच्या त्रेसष्टाव्या कलमानें त्यांना तो अधिकार आहे, आणि देणें असें सोडण्याला मोबदला लागत नाहीं.